सात की आठ

मी एकदा एका गरोदर बाईचे महिने कापले. कात्रीने. कात्री दवाखान्याची होती, अक्कल माझी स्वतःची.

तेव्हा मी वीस वर्षांची असेन. जव्हारला राजांचं राज्य होतं आणि दरबारच्या दवाखान्यात मी बाळंतपणाचं काम करत होते. माझा बाप रानातून गवताचे भारे घेऊन जव्हारला यायचा, दरबारच्या घोड्यांसाठी. एकदा त्याच्या भाऱ्यामागून मीही आले आणि मुलींच्या शाळेच्या खिडकीत डोकावले. शिकवणाऱ्या बाईंनी आत ओढून बसवलं, ती चौथी होईपर्यंत उठलेच नाही. पुढे ठाण्याकडून एक नर्सबाई आल्या, त्यांच्या हाताखाली दोन वर्षं काढली. आमच्याच काय, आजूबाजूच्या कुठल्याच पाड्यातली मुलगी तोवर पगारावर लागली नव्हती. हे मला कुणी सांगावं लागत नसे. मीच सगळ्यांना सांगत असे.

मोठं होणं म्हणजे काय, याची माझी तेव्हा अगदी पक्की कल्पना होती. पांढरं पातळ, पायात चपला, हातात छत्री आणि खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत कापूस, आयोडीनची बाटली, साबणाची वडी आणि ती कात्री. एवढं सगळं अंगावर चढवून मी पाण्याच्या हौदात स्वतःला बघून घ्यायची. गावातल्या कारकुनांच्या बायका माझ्याबद्दल म्हणायच्या, "काळी आहे, पण हात स्वच्छ आहेत हो." हे कौतुक समजून मी पुन्हा एकदा हात धुवायची. पाड्यावर गेले की तिथल्या बायका म्हणायच्या, "आली गे मडम." तेही मी कौतुकच समजायची. एवढं कौतुक सोसायला कातडी जाड लागते. माझी नुसतीच काळी होती.

नोकरी मात्र कच्ची होती. आमचे डॉक्टर भले गृहस्थ, पण मोजकं बोलणारे. ते एकदा म्हणाले, "लांबच्या पाड्यांवरची एक तरी बाई वेळेवर इथे बाळंतपणाला आण. मग तुझ्या कायम होण्याचं दरबारला मी लिहितो." लांबच्या पाड्यांवरची बाई तोवर वेळेवर कधी आलीच नव्हती. आली तरी डोलीतून, अर्धी जाऊन आलेली.

कुणाला आणायचं ते मला ठाऊक होतं. वावर-वांगणीच्या बाजूला, नदीपल्याडच्या एका पाड्यात माझी एक मैत्रीण दिली होती. लहानपणी आम्ही दोघींनी एकाच कळपाच्या शेळ्या राखल्या, एकाच झाडावरून पडलो. तिची आधीची दोन्ही मुलं जन्मताच गेली होती, आणि दुसऱ्या वेळी तर रक्त थांबेना म्हणून तीही जायचीच राहिली होती. आता तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हिला घरी बाळंत होऊ देऊ नकोस. पंधरा दिवस आधी आण. फार आधी आणलीस तर राहणार नाही, पळून जाईल. उशीर केलास तर नदी उतरू देणार नाही."

म्हणजे सगळं येऊन ठेपलं होतं ते तिला कितवा महिना आहे यावर.

जेठाची अवस, म्हणजे अमावास्या, होऊन आठ-दहा दिवस झाले होते. नदीला मांडीभर पाणी होतं. मी चपला हातात आणि छत्री डोक्यावर धरून नदी ओलांडली, पलीकडे जाऊन पाय पुसले, चपला घातल्या आणि मगच पाड्यात शिरले. मैत्रीण दारात बसून भाजी निवडत होती. मला बघून हसली. मी मात्र कामावर होते. नर्सबाईंनी शिकवलं तसं, ताठ उभं राहून विचारलं,

"तुम्हाला कितवा महिना आहे?"

तिनं आधी मागं वळून पाहिलं. दारात आणखी कोण आलंय ते. आमच्या बोलीत एका माणसाला कुणी 'तुम्ही' म्हणत नाही. राजालासुद्धा आमची म्हातारी माणसं 'तू' म्हणायची आणि राजाही ओ द्यायचा, असं सांगतात. मागं कुणी नाही हे पाहून ती म्हणाली, "मना एकलीलाच इचारतंस ना गे?"

मी तेवढ्यात तिच्या गळ्याकडे पाहत होते. गळ्यात काळपट दोरा होता, त्याला गाठी मारलेल्या. झालं. नर्सबाईंचं सगळं शिक्षण माझ्या डोक्यात एकदम उभं राहिलं. गंडे-दोरे, भगत, अंगारे, खुळ्या समजुती! भोवती चार बायका जमल्या होत्या, त्यांच्यासमोर काहीतरी करून दाखवायची याहून चांगली वेळ कुठली? मी पिशवीतून कात्री काढली, "हे असलं काही आता चालणार नाही," असं म्हणाले, कचकन दोरा कापला आणि आत जाऊन चुलीत टाकला. दोरा चुरचुरला, वास आला आणि राख झाला. मी हात झटकत बाहेर आले. चेहरा बहुतेक पदक मिळाल्यासारखा असावा.

मैत्रिणीचा हात गळ्याशी गेला होता. बायकांतून एक म्हातारी पुढे आली. म्हातारीला आमच्याकडे डोशी म्हणतात. ही डोशी त्या बाजूच्या साही पाड्यांची सुईण होती. बुटकी, दात दोनच, पण दोन्ही कामाचे.

"काय केलंस गे पोरी?"

"गंडा काढला. त्यानं काही होत नसतं."

"गंडा?" डोशी म्हणाली. "तो तिचा पोटाचा दोरा हाय. अवस झाली का मी एक गाठ मारते. नऊ झाल्या का इठं येऊन बसते."

मी सावरून विचारलं, "बरं, मग किती गाठी होत्या?"

"कापल्यास तू. मोजल्या नायस?"

"पण तुम्हाला आठवत असेलच की."

"साही पाड्यांत मिळून माझे आठ दोरे हायत. ध्यानात ठेवायचं असतं तर गाठ कशाला मारली असती?"

दवाखान्यातल्या वहीत एकदा लिहिलं की मीही तेच करत होते, विसरून जात होते. मी मैत्रिणीकडे वळले. ती बिचारी बोटं मोजू लागली, मधेच अडली, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली आणि म्हणाली, "सात असतील. नायतर आठ."

मी तिला आत निजवून पोट पाहिलं. नर्सबाईंनी शिकवलेलं सगळं करून पाहिलं. हाताला काही उलगडेना. मग डोशीनं हात फिरवला. तिचा हात माझ्यापेक्षा दुप्पट वेळ फिरला. "पोट मोठं हाय," ती म्हणाली. "आठ तरी असतील, नायतर सातचंच पोर थोराड. मागल्या खेपेला बी मी पोटावरून सांगितलं नि चुकले."

तोवर मैत्रिणीचा सासरा शेतावरून आला. अंगावर इरलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. त्याला सगळं सांगावं लागलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो उंबऱ्यावर बसला आणि शांतपणे म्हणाला, "डोली उचलाया चार गडी लागतात. आठ असतील तर आजच निघाया हवं, उद्या नदी भरंल. सात असतील तर महिनाभर ती तठं कशी राहील? नि निम्मं भात लावायचं राहिलंय, चार गडी गेले तर ते कोण लावील?" मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू शिकलेली हायस, बाय. तू सांग, सात का आठ?"

दोन नातवंडं गमावलेला माणूस मला विचारत होता, आणि मी छत्रीची मूठ फिरवत उभी होते.

एक गोष्ट मी त्या दिवशी कुणाला सांगितली नाही, आज सांगते. तो दोरा मला माहीत होता. आमच्या घराच्या मधल्या मेढीला, म्हणजे खांबाला, तसाच दोरा लोंबकळत असायचा. माझ्या पाठच्या भावाच्या वेळी मी तो शेळीच्या गळ्यात बांधला म्हणून आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला होता. मीसुद्धा कधीतरी अशाच एका दोऱ्याच्या नवव्या गाठीला जन्मले असणार. माझ्या जन्माचा दुसरा कागद नाही. पण जव्हारला गेल्यापासून ठाऊक नसल्यासारखं वागायची मला इतकी सवय झाली होती की खरोखरच ठाऊक नसल्यासारखं झालं होतं. वीस वर्षांची असताना विसरण्यात मी पटाईत होते. आता म्हातारपणी विसरते तेव्हा नातवंडं हसतात, पण हे विसरणं त्यापुढे काहीच नाही.

त्या दिवशी डोली निघाली नाही. डोशी सासऱ्याला म्हणाली, "सकाळच्याला सांगते," आणि मला म्हणाली, "तू बी रहा."

सकाळी ती मला आणि मैत्रिणीला घेऊन शेतावर गेली. पाड्यातल्या साऱ्या बायका भात लावत होत्या. आमच्याकडे लावणी एकमेकांच्या शेतात मिळून करतात, आज याचं, उद्या त्याचं. गुडघाभर चिखलात वाकून ओळीनं मागं मागं सरकत होत्या. मी बांधावर छत्री उघडून उभी राहिले. डोशी चिखलात उतरली आणि ओरडली, "आयकता का गे? हिनं दोरा कापलाय. आता पोटुशीचे महिने आपुनच शोधायचे. सात का आठ, सांगा कोण कोण सांगते!"

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मला एक अक्षर कळेना. मी वही काढली, पेन्सिल काढली, छत्री सावरली, तेवढ्यात वाऱ्यानं छत्री उलटी झाली. त्या वाकलेल्याच हसल्या.

"मडम, खाली ये," कुणीतरी म्हणाली. "बांधावरून आयकू येत नाय."

मी चपला काढल्या, पातळ खोचलं आणि उतरले. कुणीतरी माझ्या हातात रोपांची मूठ दिली. सात-आठ वर्षांनी मी चिखलात हात घातला. माझी ओळ पहिल्या दहा हातांतच अशी वाकडी गेली की शेजारची म्हणाली, "ही ओळ जव्हाराला चाललीय गे!"

आणि मग, रोपं लावता लावता, ते सुरू झालं. एकीचं म्हणणं आठ. का, तर दिवाळीच्या मागून नागली कापताना मैत्रीण ओकली होती. दुसरी म्हणाली, ती पोटुशी म्हणून ओकली नाही, शिळ्या काकडीच्या भाकरीनं ओकली. त्यावर तिसरी उभीच राहिली, कारण ती भाकर तिनं केली होती. "माझी भाकर शिळी?" "तीन दिवसांची नव्हती?" "दोन दिवसांची!" पाच-दहा मिनिटं महिने बाजूला पडले आणि भाकरीचे दिवस मोजले गेले. माझी मैत्रीण बांधावर बसून हे सगळं ऐकत होती. स्वतःच्या पोटाबद्दल असं चारचौघांत बोललं जातंय म्हणून तिनं पदर तोंडाला लावला होता. लाजत होती असं मला वाटलं. नंतर कळलं, हसत होती.

मग कडेची एक तरुण बाई म्हणाली, "खळ्याच्या दिवशी ती खळ्यात आली नव्हती."

सगळ्या थांबल्या. खळं म्हणजे धान्य मळायची जागा. तिथं धान्यदेवी असते, म्हणून बाई दूर बसली असेल त्या दिवसांत ती खळ्यात पाय ठेवत नाही.

"आली होती की."

"नव्हती. उंबराखाली बसली होती. माझं पोर तिच्यापाशी होतं. त्यानंच तर नाकात दाणा घातला!"

डोशीच्या हातातली मूठ तशीच राहिली. "वालाचा दाणा," ती हळूच म्हणाली. "मीच काढला. पोर बोंबलत होतं. मी हिला म्हटलं, त्याला इकडं आण. तर ही म्हणाली, मी खळ्यात येत नाय, दूर हाय."

"नि त्याच सांजेला देवीला नारळ फोडला."

"पुनव होती."

"दिवाळीच्या मागूनची पुनव."

कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. एका पोराच्या नाकातला वालाचा दाणा, तेवढाच पुरावा. मी चिखलाच्या हातांनी वही उघडली. कार्तिकातल्या पुनवेला ती दूर बसली, म्हणजे दिवस गेले ते त्यानंतर. पुढच्या महिन्यापासून अवसा मोजल्या: मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन, चैत्र, वैशाख, जेठ. पुन्हा मोजल्या. मोठ्यानं म्हणाले, "सात."

डोशीनं मला विचारलं, "नक्की?"

"नक्की. नववी गाठ पडेल श्रावणाच्या अवसेला. श्रावणातल्या पुनवेला डोली उचलायची. तोवर लावणी आटपलेली असेल."

त्या वहीचं ते चिखलानं माखलेलं पान मी पुष्कळ वर्षं जपलं. माझ्या हातून लिहिलं गेलेलं पहिलं खरं कामाचं पान ते. त्याआधीची सगळी पानं नुसती अक्षर चांगलं दिसावं म्हणून लिहिली होती.

डोशीला नवा दोरा हवा होता. तिनं इकडे-तिकडे पाहिलं आणि मग माझ्या पांढऱ्या पातळाकडे पाहिलं. "याचा एक दोरा काढ," म्हणाली. मी काही बोलायच्या आत तिनं काठाचा एक धागा दातात धरून ओढला, दोन दातांनी कमाल केली, आणि बांधावर बसून सात गाठी मारल्या. एकेक गाठ मारताना माझ्याकडे बघत होती. त्या पातळाचा काठ नंतर उसवतच गेला.

श्रावणातल्या पुनवेला नदीला पूर होता. दोन दिवस सगळे काठावर बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी पाणी उतरून छातीवर आलं तेव्हा चौघांनी डोली डोक्याच्या वर धरून तिला ओलांडून आणलं. मागून डोशी, सासऱ्याच्या पाठीवर. जव्हारला दवाखान्यात मैत्रीण खाटेवर बसायला तयार होईना, पडेन म्हणाली. मग डोशी तिच्यासोबत खाली चटईवर निजली. अकरा दिवस.

अवसेच्या आदल्या दिवशी दुपारी तिला कळा सुरू झाल्या. पोर थोराड होतं, डोशीचं म्हणणं खरं ठरलं. मुलगी. आली ती ओरडतच आली. रक्त मागच्यासारखंच वाहू लागलं, पण या वेळी डॉक्टर होते, नर्सबाई होत्या, सुई होती. संध्याकाळपर्यंत ते थांबलं. मैत्रीण पांढरीफटक पडली होती, पण डोळे उघडून म्हणाली, "ती रडतेय ना गे?" मी म्हणाले, "आयक की." तेव्हा तीही रडली, आणि मी तिला 'तू' म्हणतेय हे माझ्याही लक्षात आलं नाही.

हात धुताना डॉक्टरांनी विचारलं, "दिवस अगदी बरोबर धरलास. कसा काय?"

"नोंद होती," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. पण कुणाची नोंद, कुठे होती आणि ती मी चुलीत घातली होती, हे सांगायला माझी जीभ काही वळली नाही. डॉक्टरांनी दरबारला लिहिलं, मी कायम झाले. महत्त्वाकांक्षा म्हणतात ती अशी बाहेरच्या पडवीत बसलेल्या एका म्हातारीला वगळून पुरी झाली.

दुसऱ्या दिवशी मी पडवीत गेले. डोशी भिंतीला टेकून बसली होती. मैत्रिणीच्या गळ्यातला पांढरा दोरा तिनं काढून घेतला होता आणि एकेक गाठ सोडवत होती. आठच होत्या, नववी पडलीच नव्हती. मी म्हणाले, "डोशे, ते दोऱ्याचं... माझं चुकलं." तिनं शेवटची गाठ सोडवली, धागा सरळ करून माझ्या हातात दिला आणि म्हणाली,

"कापलास ते मी कोणाला नाय सांगितलं, पोरी. साही पाड्यांत तेवढं सांगितलं. आता चपला काढ नि चल माझ्याबरूबर, टोकाच्या पाड्यात एकीची पयली गाठ मारायचीय, ती तू मार. कात्री बी घे, नाळ कापाया बेस हाय ती."